ऋण फेडण्यास परतलेला प्रवासी : दोशिशा विद्यालयाचे संस्थापक जोसेफ हार्डी नीजिमा

परदेशी जाऊन विद्या संपादन करणे ही गोष्ट आता आपल्या ज्ञातीत नवलाची राहिलेली नाही. ज्या घरात एका पिढीपूर्वी तालुक्याच्या गावी जावयाचे म्हणजे दोन दिवस आधी दशम्या बांधीत, त्याच घरातील मुले-मुली आज सातासमुद्रापलीकडे विद्याभ्यास करीत आहेत. आमच्या आजा-पणजांच्या काळी समुद्र ओलांडून आलेल्या मनुष्यास पंक्तीस घेण्यापूर्वी प्रायश्चित्त द्यावे लागे. सिंधुबंदीचा तो जाच आपण ऐकून आहोत. परंतु त्याच सुमारास आशिया खंडातील दुसऱ्या एका देशात समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त नव्हे, तर देहदंड होता. तो देश जपान. ह्या देहदंडास न भिता जो तरुण एका रात्री देशाबाहेर पडला, दहा वर्षे शिकला आणि पुन्हा मायदेशी येऊन ज्याने एक विद्यालय उभारले, त्या जोसेफ हार्डी नीजिमा ह्यांचे चरित्र आम्ही यंदाच्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नीजिमा हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते व त्यांचे विद्यालयही ख्रिस्ती तत्त्वांवर उभारलेले होते. आपणांपैकी बहुतेकांचा धर्म निराळा. परंतु थोरांची चरित्रे वाचताना मतैक्याची अट घातल्यास वाचावयास फारसे काही उरणार नाही. ज्याने मदत घेतली त्याने ती कशी घ्यावी, ज्याने दिली त्याने ती कशी द्यावी आणि परतफेड कोणास व कोणत्या नाण्यात करावी, हे तीन प्रश्न ह्या चरित्रात पदोपदी उभे राहतात. आपल्या संस्थेच्या विद्यार्थी-साहाय्याशी ज्यांचा संबंध येतो, त्या दात्यांस व विद्यार्थ्यांसही हे प्रश्न परके नाहीत.

बालपण व विद्येची ओढ

नीजिमांचा जन्म १२ फेब्रुवारी १८४३ रोजी एदो नगरात, म्हणजे आजच्या टोकियोत झाला. त्यांचे वडील तामिजी हे आन्नाका नावाच्या लहानशा संस्थानाच्या पदरी लेखनिक होते व हस्ताक्षराची शिकवणी घेत. घराणे सामुराई, म्हणजे क्षत्रिय वृत्तीचे, परंतु संपत्ती बेताचीच. पाठोपाठ चार मुली झाल्यावर हा मुलगा झाला, म्हणून आजोबांस आनंदाचे भरते आले, असे सांगतात. मुलाचे नाव शिमेता असे ठेवण्यात आले.

त्या काळी जपानने आपली दारे दोनशेहून अधिक वर्षे परक्यांस लावून घेतली होती. नागासाकी बंदरात डच व चिनी व्यापाऱ्यांस तेवढी थोडी मुभा होती. १८५३ मध्ये अमेरिकन आरमाराची काळी जहाजे एदोच्या उपसागरात येऊन उभी राहिली आणि देशभर खळबळ उडाली. पुढे शिमेता सतरा वर्षांचा असताना त्याने त्याच उपसागरात एक डच युद्धनौका पाहिली. त्या नौकेपुढे आपली जहाजे त्यास खेळण्यासारखी वाटली. ज्यांनी हे बांधले त्यांची विद्या आपणांस आली पाहिजे, हा ध्यास त्या दिवसापासून त्याने घेतला.

तो डच भाषा शिकू लागला. सरकारी नौकाविद्यालयात जाऊन त्याने गणित व नौकानयन ह्यांचा अभ्यास केला. धन्याच्या कचेरीतील लेखनिकी टाळून हा मुलगा शिकावयास पळतो, म्हणून त्यास बोलणी व मार दोन्ही खावी लागली. अशा वेळी अमेरिकेची माहिती देणारे एक चिनी भाषेतील पुस्तक त्याच्या हाती आले. तेथील राष्ट्राध्यक्ष लोक आपल्या मताने निवडतात, गरिबांच्या मुलांसाठी फुकट शाळा असतात, हे वाचून तो थक्क झाला. ज्याच्या मुलास अक्षरओळख होणे न होणे वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून नाही, असा देश जगात आहे, ह्याचेच त्यास आश्चर्य वाटले. त्यानंतर चिनी भाषेतील ख्रिस्ती धर्मग्रंथाचे काही भाग त्याने चोरून वाचले, कारण तसले पुस्तक बाळगणे हाच तेव्हा अपराध होता. सृष्टीचा कर्ता जो परमेश्वर तोच आपला खरा पिता, मग आपले पहिले कर्तव्य त्याच्याप्रत, असा विचार त्याच्या मनात रुजला. आई-बाप व धनी ह्यांच्या आज्ञेपलीकडेही एक आज्ञा असू शकते, हे त्यास प्रथमच उमगले.

देशत्याग

१८६४ मध्ये, एकविसाव्या वर्षी, शिमेता जहाजाने उत्तरेकडील हाकोदाते बंदरात गेला. घरच्यांची समजूत अशी की मुलगा अभ्यासासाठी जात आहे. हाकोदातेत निकोलाई नावाचे एक रशियन धर्मोपदेशक होते. त्यांस जपानी शिकविण्याच्या निमित्ताने तो तेथे राहिला. एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीवरील जपानी कारकुनाशी त्याची मैत्री झाली व त्याच्या साहाय्याने १७ जुलै १८६४ च्या रात्री तो लहान होडीतून ‘बर्लिन’ ह्या अमेरिकन जहाजावर पोहोचला. कप्तान सेव्हरी ह्यांनी त्यास खोलीत दडवून ठेवले. सकाळी सरकारी तपासनीस जहाजावर येऊन गेले. ते त्या खोलीपर्यंत आले असते तर हे चरित्र तेथेच संपले असते.

पुढे काय, हे त्यास ठाऊक नव्हते. खिशात द्रव्य नाही, भाषा येत नाही. सामुराईच्या मुलाने जन्मात कधी भांडी विसळली नव्हती, ती आता परक्यांची विसळावी लागली. एकदा एका उतारूने हात उगारला तेव्हा त्याचे रक्त उसळले व तो तलवार आणावयास धावला. मात्र एवढ्या अपमानाने मी आरंभिलेले कार्य टाकणार काय, असा प्रश्न त्याने स्वतःस विचारला आणि तो थांबला. शांघायला तो ‘वाइल्ड रोव्हर’ ह्या जहाजावर चढला. त्याचे कप्तान होरेस टेलर ह्यांनी त्यास जो अशी हाक मारण्यास आरंभ केला व तेच नाव त्यास चिकटले. हाँगकाँग बंदरात चिनी भाषेतील ‘नवा करार’ विकत घेण्यासाठी त्याने आपली आखूड तलवार विकली. सामुराईची तलवार म्हणजे त्याची अब्रू. ती देऊन त्याने ग्रंथ घेतला.

सुमारे एक वर्षाच्या प्रवासानंतर जुलै १८६५ मध्ये जहाज बोस्टनला लागले.

हार्डी दांपत्य

जहाजाचे मालक आल्फियस हार्डी हे बोस्टनमधील मोठे व्यापारी होते. ह्या परक्या मुलाचे काय करावयाचे, ह्याचा त्यांस निर्णय करावयाचा होता. त्यांनी त्यास देश सोडण्याचे कारण लिहून काढावयास सांगितले. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपली सारी हकीकत लिहिली. ती वाचून हार्डी व त्यांच्या पत्नी सूसन ह्यांची मने द्रवली आणि त्यांनी त्यास नोकर म्हणून नव्हे, तर मुलगा म्हणून घरी नेले. पुढे त्याने आपल्या नावात हार्डी हे नाव गुंफले ते ह्या कृतज्ञतेने. जोसेफ हार्डी नीजिमा हे नाव असे सिद्ध झाले.

हार्डींनी त्यांस प्रथम अँडोव्हरच्या फिलिप्स अकॅडमीत घातले. १८६६ च्या अखेरीस नीजिमांनी बाप्तिस्मा घेतला. १८६७ ते १८७० ह्या काळात अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात शिकून त्यांनी विज्ञानाची पदवी मिळविली. पाश्चात्त्य विद्यापीठीय पदवी मिळविणारे ते पहिले जपानी गणले जातात. तेथील त्यांचे आवडते गुरू प्राध्यापक जूलियस सीली ह्यांनी पुढे हिंदुस्थानात येऊन सुशिक्षित हिंदूंपुढे व्याख्याने दिली होती. अ‍ॅमहर्स्टनंतर नीजिमांनी अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात प्रवेश घेतला.

इतक्या वर्षांचा हा सारा खर्च हार्डींनी केला. त्यांनी बदल्यात काही लिहून घेतले नाही, अमुकच शीक असा हट्ट धरला नाही, आपल्या पेढीवर कामास ये असेही म्हटले नाही. दान देऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. दान देऊन घेणाऱ्यास मोकळे ठेवणारे विरळा.

सरकारचा हात व नीजिमांचा नकार

दरम्यान जपानात मोठी उलथापालथ झाली होती. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता लयास जाऊन सम्राटांचे नवे राज्य सुरू झाले. परदेशगमनाची बंदी त्यापूर्वीच, १८६६ मध्ये, उठली होती. नव्या सरकारास परदेशात शिकलेल्या माणसांची निकड होती. १८७१ मध्ये वॉशिंग्टनमधील जपानी वकील मोरी आरिनोरी ह्यांनी नीजिमांची गाठ घेतली, त्यांस रीतसर परवाना मिळवून देण्याचे मान्य केले व हार्डींनी केलेला खर्च सरकारी तिजोरीतून भरून देण्याची तयारी दाखविली.

ही संधी कोणास नको असती? उपकारकर्त्याचे द्रव्य परत जाईल, आपण ऋणमुक्त होऊ आणि सरकारदरबारी स्थानही मिळेल. परंतु नीजिमांनी ती नाकारली. सरकारचे पैसे घेतल्यास आपण सरकारचे बांधील होऊ व मग आपल्या मनाप्रमाणे कार्य करता येणार नाही, असे त्यांनी हार्डींस कळविले व पैसे न स्वीकारण्याची विनंती केली. हार्डींचे ऋण प्रेमाचे होते, ते जन्मभर वागवावयास त्यांची तयारी होती. सरकारचे ऋण हुकमाचे झाले असते.

१८७२ मध्ये जपानचे इवाकुरा शिष्टमंडळ अमेरिकेत आले. त्यातील शिक्षणखात्याचे अधिकारी तानाका फुजिमारो ह्यांस दुभाषी हवा होता. वॉशिंग्टनमध्ये भेटीच्या वेळी इतर जपानी विद्यार्थी जुन्या रीतीप्रमाणे कमरेत वाकून उभे होते. नीजिमा एका कोपऱ्यात ताठ उभे राहिले. आपण सरकारी विद्यार्थी नव्हे, काम करू ते स्वेच्छेने व ठरलेल्या मेहनतान्यावर, असे त्यांनी नम्रपणे स्पष्ट केले. तानाकांचा मोठेपणा असा की त्यांनी रागावण्याऐवजी ह्याच तरुणास सोबत घेतले. दोघांनी अमेरिकेतील व युरोपातील देशोदेशींच्या शाळा पाहिल्या. ह्या पाहणीचा उपयोग जपानच्या नव्या शिक्षणपद्धतीस झाला व नीजिमांसही शाळा कशी चालते ह्याचे प्रत्यक्ष ज्ञान मिळाले.

दोन डॉलरची देणगी

धर्मविद्यालयातील अभ्यास संपवून नीजिमा १८७४ च्या सप्टेंबरात धर्मोपदेशक झाले. अमेरिकन बोर्ड ह्या मिशनरी संस्थेने त्यांस जपानात पाठविण्याचे ठरविले. ही संस्था महाराष्ट्रास अपरिचित नाही. तिचेच मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस उतरले व १८३१ पासून त्यांनी अहमदनगरास ठाणे केले. सावित्रीबाई फुले ह्यांस अध्यापनाचे धडे ज्यांच्याकडे मिळाले त्या नगरच्या मिस फॅरार ह्याच संस्थेच्या. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नगरास काम केले तेही ह्याच मिशनमध्ये.

९ ऑक्टोबर १८७४ रोजी व्हरमाँट राज्यातील रटलंड गावी ह्या संस्थेचे वार्षिक अधिवेशन भरले. निरोपाचे दोन शब्द बोलावयास नीजिमा उभे राहिले. जपानात ख्रिस्ती महाविद्यालय काढावयाचे आहे व त्यासाठी द्रव्य हवे, ही गोष्ट तेथे मांडू नये असा सल्ला त्यांस वडीलधाऱ्यांनी दिला होता, कारण यश येण्याचा संभव दिसत नव्हता. आरंभी ते थरथर कापत होते, तोंडातून शब्द फुटेना. मग त्यांनी आपल्या देशबांधवांच्या हालअपेष्टा सांगितल्या आणि पैसे मिळाल्याशिवाय आपण परतू शकत नाही, मिळेपर्यंत येथेच उभे राहू, असे डोळ्यांत पाणी आणून सांगितले. डॉक्टर पीटर पार्कर ह्यांनी उठून एक हजार डॉलर देऊ केले. मग एकामागून एक माणसे उठू लागली व थोड्याच वेळात सुमारे ५,००० डॉलरची आश्वासने जमा झाली.

परंतु नीजिमांच्या मनावर कायमचा ठसा उमटला तो हजारांच्या आकड्याचा नव्हे. सभा संपल्यावर एक गरीब शेतकरी त्यांच्याजवळ आला व त्याने दोन डॉलर पुढे केले. ते त्याच्या परतीच्या आगगाडीचे भाडे होते. आपण पायी जाऊ, असे त्याने सांगितले. तशीच एक वृद्ध विधवा आली व तिनेही आपल्याजवळचे दोन डॉलर दिले. ह्या दोन देणग्यांची आठवण नीजिमा पुढे जन्मभर सांगत असत. हजार देणाऱ्यास घरी जाण्यास गाडी होती. दोन देणारा चालत गेला.

स्वदेशी परत

नोव्हेंबर १८७४ च्या अखेरीस नीजिमा योकोहामा बंदरात उतरले. गेले तेव्हा एकवीस वर्षांचे होते, आले तेव्हा एकतीस. म्हातारे आई-बाप आन्नाकास वाट पाहत होते. आजोबा व धाकटा भाऊ त्यांच्या अनुपस्थितीतच निवर्तले होते. परदेशी शिकणाऱ्याच्या यशाची गणना करताना ह्या न झालेल्या भेटी कोणत्याही वहीत मांडल्या जात नाहीत. ज्या घरांतून मुले दूर गेली आहेत त्यांस हे निराळे सांगावयास नको.

काही आठवडे गावी राहून त्यांनी लोकांस आपले अनुभव सांगितले. तेथे पेरलेल्या बीजातून १८७८ मध्ये आन्नाकाचे चर्च उभे राहिले. मग शाळेच्या खटपटीसाठी ते ओसाकास गेले. ओसाकाच्या अधिकाऱ्यांनी शाळेस ना म्हटले नाही, परंतु मिशनरी शिक्षक नकोत अशी अट घातली. तेव्हा नीजिमा क्योतोकडे वळले.

क्योतो ही जपानची हजार वर्षांची राजधानी, देवळांची व बौद्ध मठांची नगरी. आपल्याकडील काशीक्षेत्रात जाऊन मिशनरी शाळा मागावी, तसाच हा प्रकार. परंतु राजधानी टोकियोस गेल्यामुळे नगरीस उतरती कळा लागली होती व नव्या विद्येची तेथे गरज भासत होती. यामामोतो काकुमा नावाचे एक विचारवंत गृहस्थ तेथील कारभाराचे सल्लागार होते. पूर्वी ते आइझु संस्थानचे तोफविद्यातज्ज्ञ. १८६८ च्या यादवीत शत्रुपक्षाने, म्हणजे सात्सुमा संस्थानच्या लोकांनी, त्यांस पकडून आपल्या क्योतोतील वाड्यात बंदीत ठेवले होते. त्यांची दृष्टी गेली व पायही अधू झाले. ह्या अंध पुरुषास नीजिमांचा बेत पसंत पडला. सात्सुमांच्या त्या जुन्या वाड्याची जागा पुढे त्यांच्याकडे आली होती. सुमारे पावणेपाच एकरांची ती जमीन त्यांनी अल्प किंमतीत शाळेस दिली. जेथे स्वतः बंदिवास भोगला, तेथे त्यांनी विद्यालय उभे राहू दिले. शाळेचे नावही त्यांनीच सुचविले : दोशिशा, म्हणजे समान ध्येयाच्या लोकांचा संघ.

२९ नोव्हेंबर १८७५ रोजी भाड्याच्या घरात दोशिशा इंग्रजी शाळा सुरू झाली. विद्यार्थी आठ, शिक्षक दोन. एक स्वतः नीजिमा व दुसरे अमेरिकन मिशनरी जेरोम डेव्हिस.

एक कठीण तडजोड

शाळेची बातमी पसरताच बौद्ध भिक्षूंनी सरकारकडे गाऱ्हाणे नेले. गव्हर्नर माकिमुरा ह्यांनी नीजिमांस बोलावून शाळेत बायबल शिकवू नये असे बजावले. नीजिमांनी ते मान्य केले. शाळेच्या वर्गात बायबल नाही, ते शाळेबाहेर खाजगी घरात. वर्गात शिकवावयाचे ते नीतिशास्त्र. ह्या तडजोडीने दोन्ही बाजूंचे समाधान झाले नाही. मिशनऱ्यांस वाटले की ज्या कार्यासाठी पैसा दिला त्यालाच नीजिमांनी मुरड घातली. नगरवासीयांस वाटले की हा मनुष्य मागल्या दाराने धर्म आणीत आहे.

आमच्या मते दोन्ही आक्षेपांत थोडे थोडे तथ्य आहे व ते झाकण्याचे कारण नाही. परंतु नीजिमांपुढे प्रश्न होता तो शाळा काढून ती जगविण्याचा. परक्यांस क्योतोत राहण्यासाठी सरकारी परवाना लागे व जमीन त्यांच्या नावे होत नसे. जपानी माणूस पुढे उभा राहिल्याखेरीज शाळा टिकणे शक्य नव्हते. तेव्हा सरकारचा संशय व मिशनची नाराजी ही दोन्ही जाती एकाच माणसाच्या खांद्यावर आली आणि दळणारे धान्यही तोच झाला. ज्यांनी कोणतीही सार्वजनिक संस्था एक वर्ष तरी चालविली आहे, त्यांस ह्या स्थितीची कल्पना सहज यावी.

३ जानेवारी १८७६ रोजी नीजिमांचा विवाह यामामोतोंची बहीण याए हिच्याशी झाला. ही स्त्रीही असामान्य होती. १८६८ मध्ये आइझुच्या किल्ल्यास वेढा पडला तेव्हा तिने हाती बंदूक घेऊन लढा दिला होता. एका ख्रिस्ती माणसाशी वाङ्निश्चय केला म्हणून तिची शिक्षिकेची नोकरी गेली. पतिपत्नी बरोबरीच्या नात्याने वागत, ह्याबद्दल गावात व खुद्द शाळेतील काही विद्यार्थ्यांतही कुजबूज चाले. नीजिमांनी तिकडे लक्ष दिले नाही. १८७७ मध्ये मुलींची शाळा रीतसर सुरू झाली, तिच्या उभारणीत याएबाईंचा हात होता.

स्वतःच्या हातावर छडी

१८७६ मध्ये कुमामोतो येथील एका बंद पडलेल्या शाळेतील तीसेक तरुण दोशिशात आले. ते हुशार होते व तितकेच करारी. दोशिशातील शिक्षण त्यांस कमी प्रतीचे वाटले व तसे त्यांनी तोंडावर सांगितले. नीजिमांनी त्यांस घालवून दिले नाही. त्यांच्या सूचना ऐकल्या व जमेल तेवढ्या अमलात आणल्या. पुढे ह्याच तरुणांतून जपानातील नामवंत धर्मोपदेशक, संपादक व शिक्षक निघाले.

१८८० च्या वसंत ऋतूत नीजिमा दौऱ्यावर असताना शाळेने एका इयत्तेच्या दोन तुकड्या एकत्र केल्या. वरच्या तुकडीतील मुलांनी रागाने वर्गावर बहिष्कार घातला. नियमाप्रमाणे शिक्षा व्हावयास पाहिजे होती. १३ एप्रिलच्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी नीजिमा हाती छडी घेऊन उभे राहिले. दोष विद्यार्थ्यांचा नाही, शिक्षकांचाही नाही, तो प्रमुख ह्या नात्याने आपला आहे व शिक्षा आपणच घेतली पाहिजे, असे सांगून त्यांनी आपल्या डाव्या हातावर छडी मारण्यास आरंभ केला. छडी मोडली तरी ते थांबेनात. मुले रडू लागली. अखेर एका विद्यार्थ्याने धावत जाऊन त्यांचा हात धरला. त्या छडीचे तुकडे दोशिशाने जपून ठेवले आहेत.

आम्ही स्वतः पुष्कळ वर्षे खडू-फळ्याजवळ काढली आहेत. मुलांच्या हातावर छडी पडताना आम्ही पाहिली आहे व तीत विशेष असे काही नसते. ह्या छडीने मात्र शिक्षकाच्या अधिकाराचा अर्थच पालटून टाकला. शिक्षेस प्रथम पात्र जो, तोच प्रमुख, असे ती सांगते.

ह्या प्रसंगाने सर्व वाद मिटले, असे मात्र नाही. तोकुतोमी सोहो नावाचा एक बाणेदार विद्यार्थी पदवी हातातोंडाशी आली असताना थोड्याच दिवसांत शाळा सोडून गेला. नीजिमांचा त्याच्यावरील लोभ कमी झाला नाही. हाच तोकुतोमी पुढे जपानातील अग्रगण्य पत्रकार झाला आणि गुरूच्या कार्यात त्याने आपली लेखणी झिजविली.

विद्यापीठाचे स्वप्न

शाळा वाढली तसे नीजिमांचे मन विद्यापीठाकडे लागले. सरकारी विद्यापीठातून सरकारी कामगार निघतील. स्वतःच्या पायांवर उभे राहणारे, सदसद्विवेकाने चालणारे नागरिक घडवावयाचे तर लोकांनी आपले विद्यापीठ काढले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. परंतु शरीर साथ देईना. १८८४ मध्ये विश्रांतीसाठी ते युरोपात गेले. स्वित्झर्लंडमधील सेंट गॉथर्ड घाटात चढताना त्यांची छाती भरून आली. परक्या देशातील उतारशाळेत एकटे असताना त्यांनी मृत्युपत्र लिहून ठेवले व आपल्या केसांची एक बट जपानास पाठवावी अशी इच्छा त्यात नोंदविली. त्या दुखण्यातून ते उठले, अमेरिकेत जाऊन हार्डींस भेटले व १८८५ मध्ये परत आले. १८८७ मध्ये रुग्णालय व परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी आल्फियस हार्डी निवर्तले.

एप्रिल १८८८ मध्ये विद्यापीठासाठी क्योतोत मोठी सभा भरली, ती चिओन-इन ह्या प्रसिद्ध बौद्ध मंदिरात. तेरा वर्षांपूर्वी ज्या नगरीतील भिक्षूंनी ह्या शाळेविरुद्ध अर्ज केले होते, त्याच नगरीत हे घडले. टोकियोतील मंत्री व व्यापारी ह्यांनी सुमारे ३१,००० येन देऊ केले. नोव्हेंबर १८८८ मध्ये नीजिमांचे विद्यापीठ-स्थापनेविषयीचे निवेदन वृत्तपत्रांतून सर्व देशापुढे आले, त्याच्या मांडणीत तोकुतोमींचे साहाय्य होते. अमेरिकेतील जे. एन. हॅरिस ह्यांनी विज्ञानशाळेसाठी १,००,००० डॉलर दिले. १८८९ मध्ये अ‍ॅमहर्स्टने आपल्या ह्या विद्यार्थ्यास सन्माननीय पदवी अर्पण केली.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असतानाही निधीसाठी ते हिंडत राहिले. १८८९ च्या अखेरीस माएबाशी येथे ते आजारी पडले. त्यांस ओइसो ह्या समुद्रकाठच्या गावी नेण्यात आले. अंत जवळ आला तेव्हा त्यांनी आपले अखेरचे शब्द उतरवून घ्यावयास सांगितले. शाळेने विद्यार्थ्यांस यंत्रासारखे बनवू नये आणि जे तेजस्वी, स्वतंत्र वृत्तीचे, कोणास न जुमानणारे असतील त्यांस दडपू नये, तर त्यांच्या प्रवृत्तीप्रमाणे वाढवावे, असे त्यांनी बजावले. हे शब्द लिहून घेणारा हात होता तोकुतोमींचा, म्हणजे शाळेस न जुमानता निघून गेलेल्या त्याच विद्यार्थ्याचा. २३ जानेवारी १८९० रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षात, नीजिमांनी देह ठेवला. क्योतोत न्याकुओजी टेकडीवर त्यांचे दफन झाले. विद्यार्थ्यांनी आळीपाळीने शवपेटी खांद्यावर घेऊन ती चढण चढली.

मागे काय राहिले

विद्यापीठ पाहणे नीजिमांच्या नशिबी नव्हते. कायद्याने पूर्ण विद्यापीठाचा दर्जा दोशिशास १९२० मध्ये मिळाला, त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. याएबाई १९३२ पर्यंत जगल्या. चीन व रशिया ह्यांच्याशी झालेल्या युद्धांत त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. १८९१ मध्ये नीजिमांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले, ते आल्फियस हार्डींच्या मुलाने लिहिले. २०२५ मध्ये दोशिशास दीडशे वर्षे पूर्ण झाली. आठ विद्यार्थ्यांच्या त्या शाळेच्या जागी आज विद्यापीठ, महिला महाविद्यालय व अनेक शाळा ह्यांचा मोठा परिवार आहे.

चरित्राचा आढावा घेता आम्हांस वाटते ते असे. हार्डींनी जे दिले ते नीजिमांनी हार्डींस परत केले नाही, व हार्डींनी ते मागितलेही नाही. ते त्यांनी क्योतोतील मुलांस दिले. रटलंडच्या शेतकऱ्याचे दोन डॉलर त्याच्या गावी कधीच परत गेले नसतील, परंतु ज्या मुलांनी त्याचे नावही ऐकले नाही त्यांच्या शिक्षणात ते खर्ची पडले. विद्येचे ऋण ज्याचे त्यास फेडता येत नाही, ते पुढच्यास फेडावयाचे असते.

ज्ञातिबंधू-भगिनींनो, प्रत्येकाने परत यावे, प्रत्येकाने शाळा काढावी, असे म्हणण्याचा आमचा उद्देश नाही. काळ बदलला आहे. दूर राहूनही मायभूमीची सेवा घडते आणि गावात राहूनही पुष्कळांकडून ती घडत नाही. आमचे सांगणे एवढेच आहे. संस्थेच्या साहाय्यातून जे शिकले त्यांनी आपल्या मागे उभ्या असलेल्या मुलाकडे एकदा वळून पाहावे. जे देतात त्यांनी हार्डींप्रमाणे हात मोकळा ठेवून द्यावे, म्हणजे घेणाऱ्याची मान ताठ राहील. आणि ज्यांच्याजवळ दोन डॉलरच आहेत, त्यांनी आपली देणगी लहान समजू नये. नीजिमांस अखेरपर्यंत आठवण राहिली ती तिचीच.